‘चोर’ मधला च उपयोगी पडतो
इंदूरच्या चिनी भाषा शिकवणाऱ्या ताईंची तळमळ लेखातून पोचली, पण ‘मराठी मुलांना चिनी उच्चार अगदी परके’ हे पटलं नाही. पिनयिनमधला, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीतला, बी म्हणजे ब नव्हे, प. आणि पी म्हणजे ओठ मिटून, हवा सोडून म्हटलेला फ. हा भेद आपल्या वर्णमालेतच आहे. इंग्रजी स्पेलिंगवरून शिकवलं की घोटाळा होतो. ‘बेइजिंग’ खरं तर ‘पेइचिंग’च्या जवळ. झेडसाठी ‘चोर’मधला च, जेसाठी ‘चिमणी’मधला. मात्र इंदुरात हिंदीच्या सवयीने मुलं दोन्ही च सारखेच म्हणतात, तेव्हा आधी घरची मराठी पक्की करून घ्यावी.

कस लागतो सुरांत, म्हणजे शब्दाचा अर्थ ठरवणाऱ्या आवाजाच्या चढउतारांत. तिसरा सूर लागोपाठ दोनदा आला की त्यातला आधीचा चढत्या दुसऱ्या सुरात जातो, ‘नी हाओ’ (नमस्कार) मधल्या ‘नी’सारखा. म्हणून सुटे शब्द नकोत, जोड्याच घोकून घ्या.