दलदलीला पैसे कोण देतो? बरेच जण देतात

स्कॉटलंडमधल्या पीटच्या दलदली पूर्ववत करायला तिथले लोक जादा पैसे मोजायला तयार आहेत, असा सर्वे कुणी ग्रुपवर टाकला की आमच्या बेळगाव-खानापुरात ठरलेलं उत्तर फिरतं: दलदलीला कसली किंमत, सर्वेत सगळेच ‘हो’ म्हणतात, आणि आपले लोक दमडी देणार नाहीत कारण त्यांना निसर्गाची कदर नाही.

‘कसली किंमत’ हे लवकर निकालात निघतं. पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा हजारो वर्षांचा थर म्हणजे पीट. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के, पण त्यात सगळ्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त कार्बन. चर खणून पाणी काढलं की थर वाळतो आणि पेटू शकतो. इंडोनेशियात २०१५ साली तेच झालं. आपल्या जांभ्यात पीट नाही, हे मान्य.

‘सर्वेत सगळेच हो म्हणतात’ यात तथ्य आहे, पण ही शंका जुनी आहे. एक्सॉन वाल्डीझ या तेलवाहू जहाजाच्या तेलगळतीनंतर अमेरिकेत केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या अर्थतज्ज्ञांच्या समितीने १९९३ मध्ये त्यावर नियम सुचवले: ‘किती द्याल’ विचारू नका, ठरावीक रकमेवर मत मागा, आणि हा पैसा घरखर्चातून जाणार याची आठवण द्या.

तिसरं मात्र मला खटकतं. बेळगावचा बळ्ळारी नाला घ्या. गाळ आणि जलपर्णीने तो तुंबतो, पावसाळ्यात वडगाव-शहापूर शिवारातलं भात पाण्याखाली जातं. तिथल्या शेतकऱ्याला नाला साफ करायला पैसे द्याल का विचारा. ‘घरपट्टी भरतोय की, परत कशाला?’ असंच ऐकायला मिळेल. पाहणी करणारे अशा ‘शून्य रुपये’ उत्तराला निषेधाचं शून्य म्हणतात आणि ते वेगळं काढतात, कारण त्याला नाला साफ हवाच असतो. पैसे ज्याच्या हाती जाणार त्याच्यावर भरवसा नसतो. गणपतीची वर्गणी हाच माणूस न मागता देतो, कारण मंडळाचा हिशेब गल्लीत लागतो. शिवाय हातात रोकड नसते तेव्हा माणूस अंगमेहनत देतो. म्हणून गरीब भागांतल्या कित्येक पाहण्यांत रुपयांऐवजी श्रमदानाचे दिवस विचारतात. आणि नाल्याला पसरायला जागा हवी म्हणून त्याच्याच वाफ्याची पट्टी सोडायची असेल, तर प्रश्नच उलटतो: तो किती देईल हे नाही, त्याला किती भरपाई द्यायची हे विचारावं लागतं. तो आकडा बहुतेक वेळा मोठा येतो, आणि त्यात लोभ शोधू नये.

आपल्याकडे पाहणी करायचीच तर पैसा पालिकेच्या खात्यात, शेतकऱ्यांच्या समितीकडे की श्रमदानातून, हे तीन पर्याय आधी समोर ठेवा. रक्कम नंतर विचारा.