'खिलाराला लस नको' म्हणणाऱ्या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर

पावसाळा लागला की माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंतच्या, खिलार या देशी जातीची गुरं पाळणाऱ्या पशुपालकांच्या ग्रुपवर लंपीबद्दल, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या विषाणूच्या रोगाबद्दल, एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडा इकडेतिकडे बदलतो, पण गाभा तोच असतो: 'आपल्या खिलाराच्या रक्तातच ताकद आहे, त्याला लंपीची लस नको. लसीमुळंच लंपी येतो आणि गाय गाभडते. वार पडेपर्यंत वासराला चीक पाजू नका. लंपी झालेल्या गाईचं दूध विष असतं, ओतून द्या. गाठी फुटल्या तर जळकं ऑईल लावा, किडे पडले तर पेट्रोल ओता.' खाली जोडलेले हात आणि 'प्रत्येक गोठ्यापर्यंत पोचवा' अशी विनंती. मी जनावरांचा डॉक्टर आहे. हा मेसेज ज्या गोठ्यापर्यंत पोचतो, तिथं नंतर मला जावं लागतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

रक्तातल्या ताकदीपासून सुरू करू, कारण यात अर्धं खरं आहे. संकरित जर्सी, एचएफ गाईंच्या मानानं देशी जनावरांना लंपी कमी जोरात होतो, हे खरंच आहे. पण कमी जोरात होणं म्हणजे न होणं नव्हे. 2022 साली राजस्थान आणि गुजरातमध्ये जी जनावरं मेली, त्यांत देशी गाई मोठ्या संख्येनं होत्या. हा विषाणू आफ्रिकेतला, तिथं 1929 मध्ये तो पहिल्यांदा नोंदला गेला. भारतात तो 2019 मध्ये दिसला. त्याआधी आपल्या जनावरांची त्याच्याशी गाठच पडली नव्हती, मग त्याला ओळखणारी प्रतिकारशक्ती पिढ्यान् पिढ्या रक्तात कुठून येणार? खिलार काटक आहे, उन्हातान्हात टिकतो, अर्धपोटी राबतो. पण विशिष्ट विषाणू ओळखून त्याला मारणारी प्रतिकारशक्ती काटकपणानं मिळत नाही. ती आजारातून उठल्यावर मिळते किंवा लसीनं मिळते.

'आजोबांच्या काळी कुठं होती लस?' हे वाक्य त्याच्या पाठोपाठ येतंच. आजोबांच्या काळी बुळकांडी हा गुरांचा जीवघेणा साथीचा रोग होता. दावणीच्या दावणी रिकाम्या व्हायच्या. बुळकांडीविरुद्ध देशभराची लसीकरण मोहीम 1954 मध्ये सुरू झाली आणि 2011 मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. आज पंचविशीतल्या पशुपालकानं हा रोग पाहिलेला नाही, तो त्या लसीमुळं.

आता लसीमुळंच लंपी येतो, हा मुद्दा. 2022 च्या साथीत आपल्याकडं सरकारनं मोफत टोचली ती लस शेळ्यांच्या देवीची होती, 'उत्तरकाशी' या वाणापासून केलेली. तिच्यात लंपीचा विषाणू नाहीच, त्यामुळं तिच्यातून लंपी होणं शक्य नाही. दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले, म्हणून एकाची ओळख दुसऱ्याविरुद्ध कामी येते. 1796 मध्ये जेन्नर या इंग्रज डॉक्टरनं गाईच्या देवीचा वापर करून माणसाला देवीपासून वाचवलं, त्याच तत्त्वावर इथं शेळीच्या देवीनं गाय वाचवली जाते.

तरी काही गाईंना लस टोचल्यावर आठवड्याभरात गाठी आल्या, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय आणि ते नाकारून चालणार नाही. त्याचं कारण वेळेत आहे. विषाणू अंगात शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंत 1 ते 4 आठवडे जातात, आणि लसीचं संरक्षण पुरतं तयार व्हायला साधारण 3 आठवडे लागतात. शेजारच्या गोठ्यात रोग आल्यावर घाईनं टोचून घेतलं, तर आपल्या गाईत तो आधीच शिरलेला असू शकतो. म्हणून लस साथीच्या आधी हवी, उन्हाळ्यात, चावऱ्या माश्या आणि डास वाढायच्या अगोदर. एक गोष्ट मात्र टोचणाऱ्याच्या हातात असते: एकाच सुईनं सगळी दावण टोचली, तर ती सुई रोग पसरवू शकते. प्रत्येक जनावराला नवी सुई मागा. लस बर्फात आणली आहे का तेही बघा. हा तुमचा हक्क आहे, त्यात डॉक्टरचा अपमान होत नाही.

टोचल्या जागी सूज, एखाद-दोन दिवस ताप, थोडे दिवस दूध कमी, हे होतं आणि जातं. गाय गाभडण्याचा मोठा धोका आहे तो लंपीच्या चढत्या तापात. शेवटच्या महिन्यातली गाय असेल तर टोचण्याआधी डॉक्टरांना सांगा आणि तिला धरताना पळवू नका, पाडू नका.

चिकाचा, म्हणजे व्यायल्यावरच्या पहिल्या दुधाचा, मुद्दा मला सगळ्यांत जास्त लागतो, कारण त्यात वासरं मरतात आणि कुणाला त्याचा दोष कळतही नाही. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच नाळेतून थोडी प्रतिकारशक्ती मिळते. गाईची वार, म्हणजे जार, मात्र अशी असते, की आईच्या रक्तातली प्रतिद्रव्यं तिच्यातून वासरात जातच नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्याकडं यातलं काहीही नसतं. जे मिळायचं ते पहिल्या चिकातून. आणि ही प्रतिद्रव्यं आतड्यातून जशीच्या तशी रक्तात शोषली जाण्याची वाट फक्त पहिल्या काही तासांत चांगली उघडी असते. सहा तासांनंतर ती मिटत जाते आणि चोवीस तासांनी जवळजवळ बंद होते.

वार पडायला सहज आठ ते बारा तास जातात. तेवढं थांबलात, तर वासराची सगळ्यांत मोलाची वेळ गेली. पंचवीस किलोच्या वासराला पहिल्या दिवसात अडीच लिटर चीक पोटात जायला हवा, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. उलट वासरू कासेला लागलं की गाईच्या अंगात जो पान्हा सुटतो, त्यानंच गर्भाशय आकुंचन पावतं आणि वार पडायला मदत होते. म्हणजे वार पडावी म्हणून थांबणारा माणूस वार पडायलाच उशीर करतोय. खरवस जरूर करा, पण वासरू पोटभर प्यायल्यावर जे उरेल त्याचा. आणि ज्या गाईला लस टोचलेली आहे, तिच्या चिकातून लंपीविरुद्धची प्रतिद्रव्यंही वासराला मिळतात. लंपीनं वासरं जास्त दगावतात हे लक्षात घेतलं, तर मेसेजमधले दोन सल्ले मिळून काय करतात ते दिसेल.

दुधाबद्दल थोडक्यात. लंपी माणसाला होत नाही. दूध उकळून प्या. औषधं चालू असतील तर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते डेअरीला घालू नका, एवढंच.

राहिली जखम. कारखान्याच्या हंगामात ऊस ओढणाऱ्या बैलांचे खांदे मी बघतो. जळकं ऑईल लावलेला खांदा वरून काळा, कडक आणि कोरडा दिसतो, म्हणून मालकाला वाटतं जखम वाळली. कडेनं बोटानं दाबलं की खालून पू येतो. ऑईलच्या थरानं आतली हवा तोडलेली असते, आणि धनुर्वाताच्या जंतूला बिनहवेची जागाच लागते. शिवाय बैल ते चाटतो आणि गाडीतली सगळी घाण पोटात जाते. डिझेल आणि घट्ट फिनेल यांनी जंतू मरतात, पण कडेनं येणारी नवी कातडीही मरते. जखम बुजते ती याच कोवळ्या पेशींनी, त्या रोज जाळल्या तर ती महिनोन् महिने तशीच राहते.

पेट्रोलनं किडे वर येतात हे खरं, पण सगळे नाहीत. अळ्या डोकं मांसात खुपसून मागच्या टोकानं श्वास घेतात, खोलवरच्या तिथंच राहतात. पेट्रोल मात्र उघड्या मांसातून रक्तात जातं आणि बैल वेदनेनं थरथरतो. आम्ही टर्पेंटाईनमध्ये भिजवलेला बोळा थोडा वेळ ठेवतो, वर आलेल्या अळ्या चिमट्यानं एकेक काढतो आणि जखम धुतो. घरी तातडीला कापूर घातलेलं खोबरेल किंवा सीताफळाच्या पानांचा वाटलेला लगदा चालतो. काढलेल्या अळ्या गोठ्यात टाकू नका, जाळा. जमिनीत जाऊन त्यांच्या माश्याच होतात.

हळद आणि कडुनिंबाला माझा विरोध नाही. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ लंपीच्या जखमांसाठी हळद, लसूण, कडुनिंबाची, तुळशीची, मेंदीची पानं तेलात उकळून लावायला सांगतं. त्याचा उपयोग होतो, पण जखम स्वच्छ धुतल्यावर. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात दीड चहाचा चमचा मीठ घाला आणि धार सोडून पू, माती, खपली निघून जाईपर्यंत धुवा. हायड्रोजन पेरॉक्साईड रोज ओतू नका, ते एखाद्या वेळी पुरे. जखम खोल असेल, ताप असेल, तर घरात थांबू नका, 1962 या जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइनला फोन करा. ॲन्टिबायोटिक लंपीच्या विषाणूवर चालत नाही, जखमेत शिरलेल्या जंतूंसाठी द्यावं लागतं, आणि ते किती व किती दिवस हे मेडिकलवाल्यानं ठरवायचं नाही.

धुतलेली जखम काही दिवसांत तळापासून लाल, दाणेदार मांसानं भरायला लागते. जरा हात लागला तरी त्यातून रक्त येतं. लोक घाबरून त्यावर पुन्हा काहीतरी जळजळीत लावतात. ते मांस चांगलं आहे, त्याला खरवडू नका. मग कडांकडून गुलाबी, बिनकेसांची पातळ कातडी आत सरकत येते. ती दोन्ही बाजूंनी मिळून घट्ट होईपर्यंत त्या खांद्यावर जू ठेवायचं नाही, हंगाम चालू असला तरी, कारण एका खेपेत ती फाटते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.