चंद्र बघून प्यायलेल्या वाईनने म्हणे डोकं धरत नाही

आमच्या फॅमिली ग्रुपवर चवथीपासून एक फॉरवर्ड फिरतोय, आतापर्यंत तीनदा आला, शेवटचा भाऊकाकांनी टाकला आणि खाली लिहिलं "अभिमान वाटतो". मजकूर थोडक्यात असा, की युरोपातले वाईनवाले आता आपल्या पंचांगाप्रमाणे द्राक्षं पिकवतात, त्याला बायोडायनॅमिक म्हणतात, हे ज्ञान आपल्याकडूनच नेलंय, तिथे औषधाचा एक थेंब मारत नाहीत, 'फळाच्या दिवशी' बाटली उघडली तर चव खुलते हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, आणि या वाईनने दुसऱ्या दिवशी डोकं धरत नाही.

एरवी मी अंगठा टाकून पुढे जातो. पण गेल्या वर्षी सप्टेंबरात मी असल्याच एका छोट्या वायनरीत जाऊन आलोय. मावसभाऊ पोर्तुगालमध्ये ब्रागाला कामाला असतो (आमच्या गोव्यातल्या डिचोलीचे निम्मे मित्र आता तिकडेच), त्याने गाडीत घालून नेलं. त्यामुळे काका, राग मानू नका, पण लिहितोच.

पहिलं ते पंचांगाचं. बायोडायनॅमिक शेतीची सुरुवात १९२४ सालची, रुडॉल्फ स्टायनर नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने जून महिन्यात कोबरविट्झ गावात शेतीवर आठ व्याख्यानं दिली, ते गाव तेव्हा जर्मनीत होतं, आता पोलंडमध्ये आहे. हा माणूस शेतकरी नव्हता, आणि दारूच्या तर विरोधात होता, म्हणजे त्याच्या नावाने वाईन खपतेय हे त्याला कळलं असतं तर काय म्हणाला असता देव जाणे. तो फळाचा दिवस, मुळाचा दिवस, फुलाचा, पानाचा हा प्रकार तर आणखी नंतरचा, मारिया थून नावाच्या जर्मन बाईचं कॅलेंडर १९६३ पासून निघायला लागलं त्यातला. चंद्र मेष, सिंह, धनूत असला की फळ, वृषभ, कन्या, मकरेत मूळ, असं. आता कुणी म्हणेल बघा, राशी आपल्याच की! तर त्या राशीच मुळात आपल्याकडे ग्रीकांकडून आल्या असं बहुतेक अभ्यासक मानतात, वराहमिहिराने मेषेला 'क्रिय' आणि वृषभेला 'तावुरि' म्हटलंय ते ग्रीक क्रिऑस आणि टॉरसच. कोणी कोणाचं नेलं हे काढायला गेलो तर आपल्यालाच जड जाईल.

आणि मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. आपला शेतकरी ज्या नक्षत्रांवर शेती करतो ती सूर्याची नक्षत्रं. रोहिणी, मृग, आर्द्रा, एकेक तेरा-चौदा दिवसांचं, मृग लागतो दरवर्षी ७-८ जूनला म्हणजे पाऊस येतो तेव्हाच. आजोबा मृग बघून बियाणं काढायचे तो ऋतूचा हिशोब होता, त्यात चमत्कार काही नव्हता. थूनबाईंचा चंद्र दर दोन-तीन दिवसांत रास बदलतो, त्याचा पावसाशी काय संबंध? दोन्हींना एकाच पोत्यात घालून 'पंचांग' म्हणायचं म्हणजे आजोबांची अक्कलच काढल्यासारखं आहे.

औषधाच्या थेंबाचं तर मी डोळ्यांनी बघितलंय. तो ब्रागाकडचा मिन्हो भाग आपल्यासारखाच हिरवा आणि ओला, द्राक्षाला बुरशीची भीती कायम. मालकीणबाईंनी आधी शिंगं दाखवली. गाईच्या शिंगात शेण भरून थंडीभर पुरायचं, वसंतात काढायचं आणि त्यातलं मूठभर पाण्यात तासभर ढवळायचं, आधी एका बाजूला भोवरा मग उलट्या बाजूला, ते सगळ्या मळ्यावर शिंपडायचं. सगळे फोटो काढत होते. मी मात्र कोपऱ्यातल्या पंपाकडे बघत होतो, त्यावरचे निळे डाग मला लांबूनच ओळखू आले कारण तसलेच डाग आमच्या मामाच्या सगळ्या जुन्या शर्टांवर आहेत. मोरचूद आणि चुना! आपल्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळीला कोळेरोग (बुरशीच) लागू नये म्हणून पावसाच्या तोंडावर मारतात तेच बोर्डो, आणि ते नावसुद्धा फ्रान्सच्या बोर्डो भागातल्या द्राक्षमळ्यांवरूनच पडलंय, १८८० च्या दशकात तिथेच त्याचा शोध लागला. विचारलं तर बाईंनी काही लपवलं नाही, तांबं (मोरचूद म्हणजे तांब्याचंच) बायोडायनॅमिकला चालतं, वर्षाला सरासरी हेक्टरी ३ किलोची मर्यादा असते म्हणाल्या. वाईन टिकावी म्हणून बाटलीत थोडं सल्फाइटही घालतात. त्या प्रामाणिक, फॉरवर्ड खोटा.

शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं हे बरोबर उलटं आहे. न्यूझीलंडमध्ये १९ वाईनवाल्या प्रोफेशनल लोकांना १२ पिनो न्वार (लाल वाईन) फळाच्या दिवशी आणि मुळाच्या दिवशी चाखायला दिल्या, कुठला दिवस ते न सांगता, २०१६ ला पेपर आला, फरक काही मिळाला नाही. कॅलिफोर्नियात एकाच मळ्यात सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक अशी वर्षानुवर्षं तुलना केली तर मातीत फरक सापडला नाही, द्राक्षात अगदी किरकोळ.

पण वाईन चांगली होती हं, हे नाही सांगितलं तर पाप लागेल. लौरेरो नावाचं पांढरं द्राक्ष, वासाला किंचित लिंबाच्या फुलासारखं. ती चांगली का, तर बाई रोज मळ्यात फिरते, कुठल्या वेलीला ऊन कमी पडतं ते तिला पाठ आहे. शिंगामुळे म्हणाल तर मला नाही पटत. भिंतीवर ते चंद्राचं कॅलेंडर होतं, मी विचारलं काढणी कधी, तर तिने आधी खिशातून साखर मोजायचं यंत्र काढलं, दोन मणी चिरडून बघितले, मग मोबाईलवर पावसाचा अंदाज. शनिवारी पाऊस होता म्हणून शुक्रवारीच काढायची ठरली. शुक्रवार पानाचा होता.

राहिलं डोकं धरण्याचं. डोकं धरतं अल्कोहोलने आणि ते प्रमाणाबाहेर प्यायल्याने, मग शिंग पुरा नाहीतर नका पुरू. उर्राक (काजूची दारू) पिऊन उन्हात फिरलेल्या माणसाला हे समजावायला नको. तरी प्रयोग म्हणून सांगतो, आम्ही निघालो तो दिवस कॅलेंडरवर फळाचा होता, मावसभाऊ आणि मी मिळून दोन बाटल्या संपवल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रागात औषधाचं दुकान उघडायची वाट बघत आम्ही दोघंही पायरीवर बसलो होतो.