तुम्ही कुठल्या बाजूला बसला होतात?

आमच्या जर्नलच्या, म्हणजे रिक्रिएशन थेरपीवरच्या संशोधनपत्रिकेच्या, संपादकबाई या अंकानंतर पद सोडतायत. परवा आम्हा समीक्षकांना, म्हणजे छापण्याआधी लेख तपासणाऱ्यांना, चार ओळींचं पत्र आलं. नवे संपादक कोण, सूत्रं कधी घेणार आणि तोवर आलेले लेख कुणाकडे राहणार, एवढंच त्यात होतं. बाहेरच्या माणसाला ही बातमीसुद्धा वाटणार नाही. मला मात्र दोन दिवस दुसरं काही सुचलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

मी अमेरिकेत एका पुनर्वसन रुग्णालयात रिक्रिएशन थेरपिस्ट आहे. 'रिक्रिएशन' म्हटलं की लोकांना वाटतं, पेशंटचा वेळ जावा म्हणून काहीतरी करमणूक. तसं ते नाही. स्ट्रोकनंतर, मणक्याच्या दुखापतीनंतर, दीर्घ मानसिक आजारात माणसाला ज्या गोष्टींची मुळात ओढ होती, मग ते बागकाम असो, पोहणं असो, गाणं असो, त्यांच्याच वाटेने त्याची हालचाल, त्याचं लक्ष, त्याचं चारचौघांत मिसळणं परत आणायचं. आधी तपासणी, मग उद्दिष्टं, मग योजना, रोजची नोंद आणि शेवटी मोजमाप. हे सगळं आम्हीही करतो, फक्त आमच्या हातात पत्ते किंवा झारी असते.

आता त्या बाईंनी मला काय शिकवलं, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी मी माझा पहिला लेख त्यांच्याकडे पाठवला. एकाच रुग्णाची केस होती. मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झालेले एक गृहस्थ. अशा रुग्णांत पुष्कळदा डावीकडचं 'निग्लेक्ट' दिसतं. डोळे ठीक असतात, पण डावीकडच्या जगाची मेंदू दखलच घेत नाही. ताटातला उजवा अर्धा भाग संपतो, डावा तसाच राहतो आणि माणूस म्हणतो, वाढलेलं संपलं की. दाढीसुद्धा एकाच गालाची होते. या गृहस्थांना पत्त्यांचं वेड होतं, म्हणून मी पत्ते निवडले. डावा हात चालत नव्हता, तेव्हा खाच पाडलेल्या लाकडी पट्टीत पत्ते उभे लावायचे. टेबलाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवलेली. ती दिसेपर्यंत नजर न्यायची आणि मगच पान टाकायचं.

लेखात मी एवढंच लिहिलं होतं की आठवड्यातून तीनदा ४५ मिनिटांची पत्त्यांची सत्रं घेतली आणि सुधारणा झाली. खाली चाचण्यांचे आकडे.

बाईंनी लेख नाकारला नाही. प्रश्न पाठवले. एका वेळी पट्टीत किती पानं असायची? पिसणं-वाटणं कोण करायचं? गड्डी टेबलावर कुठे ठेवायची? ती पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी एकाच जागी होती का? आणि तुम्ही स्वतः रुग्णाच्या कुठल्या बाजूला बसला होतात?

हा शेवटचा प्रश्न वाचून मी उठून माझ्या नोंदवह्या काढल्या. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या डावीकडे बसले होते, आवाज तिकडून यावा म्हणून. दुसऱ्या आठवड्यात समोर. तिसऱ्यात उजवीकडे, म्हणजे डावी बाजू त्यांनी आपली आपण शोधावी, माझ्या आवाजाच्या आधाराशिवाय. गड्डीही मध्यापासून बोटबोटभर डावीकडे सरकवत नेली होती. खरा उपचार तोच होता! आणि माझ्या लेखात त्याचं अक्षरही नव्हतं. दुसऱ्या रुग्णालयातल्या थेरपिस्टने माझा लेख वाचून पत्ते मांडले असते, चुकीच्या बाजूला बसून खेळ घेतला असता आणि 'याने काही होत नाही' म्हणून सोडून दिला असता. तिची चूक काय होती? मीच तिला अर्धवट सांगितलं असतं.

यात माझ्या पदरचं काही नाही. उपचाराचं वर्णन कसं करावं याची 'टायडिअर' नावाची १२ मुद्द्यांची यादी २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. उपचार का, काय साहित्य, कुणी दिला, कुठे, किती वेळा, रुग्णागणिक काय बदललं, ठरवलं होतं तसं प्रत्यक्षात घडलं का, असं सगळं तिच्यात आहे. गोळीच्या बाबतीत औषधाचं नाव आणि मात्रा लिहिली की बरंचसं काम झालं. आमच्या कामात 'बागकाम घेतलं' म्हणजे काय? उभं राहून की खुर्चीत बसून, एका हाताने की दोन्ही, एकट्याने की सहाजणांत, कुंडी उचलायला लावली की समोर आणून ठेवली? प्रत्येक वेळी तो वेगळा उपचार असतो. आमच्या बाई ही यादी प्रत्येक लेखकाकडून भरून घ्यायच्या आणि ती नुसती सहीपुरती भरलेली असेल तर परत पाठवायच्या.

हे कुणाला किरकोळ वाटेल, म्हणून एक गोष्ट सांगते. इथे पुनर्वसन रुग्णालयात दाखल रुग्णाला साधारणपणे दिवसाला ३ तास, आठवड्यातले किमान ५ दिवस थेरपी मिळाली पाहिजे, असा मेडिकेअरचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यविम्याचा, निकष आहे. त्या ३ तासांत फिजिकल, ऑक्युपेशनल, स्पीच थेरपी धरतात, कृत्रिम अवयवांसंबंधीची थेरपीही धरतात. २०१० पासून आमची थेरपी त्यात धरत नाहीत. द्यायला मनाई नाही, पण ती मोजली जात नाही. आणि जे मोजलं जात नाही ते वेळापत्रकात कुठे जाऊन पडतं, हे वॉर्डात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. दुपारी चारनंतर, रुग्ण थकून डोळे मिटत असताना, आमची पाळी येते. हा नियम बदलावा म्हणून प्रयत्न चालू आहेत, पण मागायला जाताना हातात काय असणार? आमच्या जर्नलांतले लेखच ना? त्यात नेमकं काय केलं हेच लिहिलेलं नसेल, तर समोरचा माणूस त्याला वेळ घालवणंच म्हणणार.

बाईंचं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. त्या संथ होत्या. लेख महिनोन्महिने पडून राहायचे, पत्राला उत्तर यायला आठवडे लागायचे. नोकरीतली बढती प्रकाशित लेखांवर अवलंबून असलेल्या तरुण प्राध्यापकांना त्याचा फार त्रास झाला. नव्या संपादकांनी हे पहिल्या महिन्यात सुधारलं तर मीच आधी आभार मानीन.

नव्या संपादकांचं काम मी वाचलेलं आहे. संख्याशास्त्रात पक्का हात, मोठ्या अभ्यासांचा अनुभव. जर्नलची पत वाढेल, यात मला शंका नाही. काळजी एकाच गोष्टीची आहे. आमचे वॉर्ड छोटे असतात. एका वर्षात एकाच प्रकारचे दोनशे रुग्ण आमच्यापैकी बहुतेकांना मिळत नाहीत. एकाच रुग्णावर उपचाराआधी पुन्हापुन्हा मोजायचं, उपचार सुरू करून मोजायचं, थांबवून परत मोजायचं, ही पद्धत नीट वापरली तर तीही शास्त्रच आहे. 'नमुना लहान' या दोन शब्दांवर असे लेख दारातूनच परत जायला लागले, तर वॉर्डात काम करणारे लिहिणंच सोडतील. मग जर्नलमध्ये फक्त विद्यापीठांतले लोक उरतील आणि त्यांचे वाचकही तेच.

आणखी एक चाल बाईंनी पाडली होती, तीही मोडू नये. प्रत्येक लेख त्या एका विद्यापीठातल्या समीक्षकाकडे आणि एका वॉर्डातल्या समीक्षकाकडे पाठवायच्या. नावं झाकलेली असतात खरी, पण क्षेत्र इतकं लहान आहे की दुसऱ्या परिच्छेदात कळतं, हा लेख कुणाचा. अशा ठिकाणी निःपक्षपातीपणा झाकलेल्या नावांनी येत नाही, समीक्षक निवडणाऱ्याच्या नजरेने येतो. प्राध्यापक माझ्या आकडेमोडीतली चूक काढायचे. आणि वॉर्डातली समीक्षक विचारायची, रुग्णाची बायको बाजूला बसून त्याला खुणावत तर नव्हती ना? (होती. तिसऱ्या सत्रानंतर मी तिला बाहेर थांबायची विनंती केली. तेही मग लेखात घातलं.)

वॉर्डात काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना एकच सांगते. समीक्षेची विनंती आली की 'मी काय संशोधक थोडीच' म्हणून नाही म्हणू नका. नव्या संपादकांकडे नावांची जी यादी जाणार आहे, तिच्यात आपण असलो पाहिजे.

माझा स्वतःचा एक लेख सध्या या दोघांच्या मध्ये अडकलाय. दुरुस्त्या बाईंनी सांगितल्या होत्या, निर्णय नवे संपादक देतील. त्यात मी बारा मुद्द्यांचा पूर्ण तक्ता जोडलाय आणि त्यामुळे लेख शब्दमर्यादेबाहेर गेलाय. कापा म्हणाले तर प्रस्तावना कापीन, चर्चा कापीन. तक्ता काढणार नाही.