तीन महिन्यांत जर्मन? हा संदेश पुढे पाठवण्याआधी

नर्सिंग आणि आयटीआय केलेल्या आमच्याकडच्या पोट्ट्यापोट्टींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरतोय: ‘तीन महिन्यांत जर्मन शिका. व्याकरणाला हात लावू नका, लहान मूल शिकतं तसं नुसतं ऐका. इंग्रजी कच्चं असेल तर या भानगडीत पडू नका. खेड्यात राहून हे होत नाही, शहरात खोली करा.’ २०२४ मध्ये महाराष्ट्राचा जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हापासून जर्मनचं नाव गावोगाव पोचलंय. म्हणूनच या संदेशाची भीती वाटते. त्यावर विसंबून कोणी घरची तूर विकून क्लासची फी भरेल.

आधी तीन महिन्यांचं बघू. जर्मन शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूट या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे ए१ या सगळ्यात खालच्या पातळीला ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात, बी२ या चौथ्या पातळीपर्यंत ६०० ते ८००. परिचारिकेच्या कामाला साधारणपणे बी२ मागतात. एकही खाडा न करता रोज दोन तासिका केल्या तरी तीन महिन्यांत १८० होतात, म्हणजे फक्त पहिली पायरी. बी२ला वर्ष तरी जातंच, आणि सोयाबीन काढणीत खाडे होणारच.

लहान मूल वर्षानुवर्षं, दिवसभर ती भाषा ऐकतं आणि त्याच्याशी बोलायला घरभर माणसं असतात. कामावरून आलेल्याला एखादा तास मिळतो. १९७८ मध्ये कॅथरीन स्नो आणि मारियन हुफनागेल-हुले यांनी नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीच्या महिन्यांत लहानग्यांपेक्षा किशोरवयीन आणि मोठी माणसंच पुढे होती. मोठ्या माणसाला नियम समजावून घेता येतो. ती ताकद कशाला वाया घालवायची?

इंग्रजीच्या अटीचा मला खरा राग आहे, कारण ती मराठी शाळेतल्या पोरांना दारातूनच परत पाठवते. जर्मनमध्ये नामाला तीन लिंगं आहेत, मराठीत तीन आहेत, इंग्रजीत ही भानगडच नाही. विभक्ती जर्मनमध्येही आहे, आणि ती आपण शाळेत घोकलेली असते. ‘कारण’सारख्या शब्दाने जोडलेल्या वाक्यात जर्मन क्रियापद शेवटी जातं, ते मराठी कानाला खटकत नाही. लिंगं मात्र जुळत नाहीत. सूर्य त्यांच्याकडे स्त्रीलिंगी आहे, म्हणून शब्द पाठ करायचा तो लिंगासकट. आणि ‘गावठी जिभेला परभाषा झेपत नाही’ म्हणणाऱ्याने एकदा मेळघाटातल्या धारणीच्या बाजारात उभं राहावं. घरी कोरकू बोलणारी माणसं तिथे हिंदी आणि मराठीत सौदा करतात. गडचिरोलीतल्या सिरोंच्यात घरी तेलुगू आणि शाळेत मराठी चालते. कोरकू आणि मराठी तर वेगवेगळ्या भाषाकुळांतल्या आहेत.

पाठ केलेलं विसरतं, ही तक्रार मात्र खरी आहे. त्यावर जुना आणि फुकटचा उपाय म्हणजे सेबास्टियन लाइटनर यांची चिठ्ठ्या आणि खोक्याची पद्धत. माझ्या ओळखीची जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करणारी एक पोरगी जुन्या लग्नपत्रिका कापून कोऱ्या बाजूवर शब्द लिहिते. पुल्लिंगी निळ्या शाईत, स्त्रीलिंगी लाल, नपुंसकलिंगी हिरव्या. बुटांच्या खोक्यात तिने पुठ्ठ्याचे कप्पे केलेत. आठवलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा परत येते. चुकलेली पहिल्या कप्प्यात, उद्या पुन्हा.

शहरातल्या खोलीचं म्हणाल तर डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा ए१ ते बी१चा व्हिडिओ अभ्यासक्रम मोफत आहे. अडचण वेगळीच आहे. आपल्या अभ्यासिकेत बोलायला बंदी असते आणि भाषा तोंड बंद ठेवून येत नाही. मोठ्याने वाचायला शेताच्या धुऱ्यावर जा, फोनवर आवाज रेकॉर्ड करा, मूळ उच्चाराशेजारी लावून ऐका. लिहिलेलं तपासायला मात्र शिक्षक लागतो. त्यासाठी चार जणांनी मिळून आठवड्याला एक ऑनलाइन तास ठरवला, तर तो शहरातल्या खोलीभाड्यापेक्षा कितीतरी स्वस्तात पडतो.