साध्या फोनची साडेसाती

बटणांचा साधा फोन मी स्वतःसाठीच घेत आहे, हे पटवून देण्याची वेळ काल माझ्यावर आली. स्मार्टफोनचा वीट आल्यामुळे मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो, तेव्हा विक्रेत्या मुलाने "आजींसाठी का?" असे विचारले आणि "नाही, मलाच हवा आहे," असे सांगताच माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले, ती करुणा मला अजून पचलेली नाही.

माझे नॅनो सिम या फोनच्या प्रशस्त खाचेत हरवून जात होते. मुलगा अडॅप्टर शोधायला आत गेला आणि स्क्रीनगार्ड बसवून घ्यायला आलेल्या, टोपी घातलेल्या एका गृहस्थांनी माझा ताबा घेतला.

"साधा फोन घेताय? उत्तम. पण लोक सेटिंगच करून घेत नाहीत हो!"

सिम बसताच फोन माझ्याऐवजी त्यांच्या हातात गेला. कोणतेही बटण दाबले की तो आकडा एक बाई हिंदीतून खणखणीत आवाजात उच्चारत असे, त्यामुळे माझ्या मेहुण्याचा नंबर दुकानातल्या सर्वांना पाठ झाला. "हा आवाज मला बंद करायचा आहे," असे मी म्हणालो.

"कशाला? नजर गेल्यावर उपयोगी पडेल. आता स्पीड डायल लावून देतो. दोनवर कोण?"

"बायको."

"तीनवर जावई टाकू?"

"मला जावई नाही."

"होईल की! जागा राखून ठेवू. चारवर डॉक्टर, पाचवर गॅसवाला."

गॅसवाल्याचा नंबर त्यांनी स्वतःच्या फोनमधून काढला, म्हणजे माझा सिलिंडर यापुढे त्यांच्या एजन्सीकडून येणार होता. मग सोय चालते की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी 5 चे बटण जोराने दाबून धरले.

केंद्र सरकारने 2016 साली केलेल्या नियमांनुसार साध्या फोनवर 5 किंवा 9 हे बटण दाबून धरले की थेट 112 या आपत्कालीन क्रमांकाला फोन लागतो. नियम चांगलाच आहे, अडचणीतल्या माणसाला उपयोगी आहे. परंतु तो ना गृहस्थांना ठाऊक होता, ना दिवसभर हेच फोन विकणाऱ्या त्या मुलाला. पलीकडून "आपल्याला काय मदत हवी आहे?" असा शांत आवाज येताच गृहस्थांनी फोन माझ्या हातात कोंबला.

"घ्या, तुमच्यासाठी आहे."

चुकून लागला, असे मी शक्य तितक्या सुसंस्कृतपणे सांगितले. त्यावर पलीकडच्या बाई म्हणाल्या, "लहान मुलांच्या हातात फोन देत जाऊ नका." आवाज मोठा असल्याने ते सगळ्यांना ऐकू गेले. गृहस्थांनी मान डोलावली आणि म्हणाले, "अगदी बरोबर बोलल्या." वर बिलात "सेटिंगचे पन्नास" लागले होतेच. मी तोंड उघडणार तोच गृहस्थ म्हणाले, "द्या हो, पोराने मेहनत घेतली आहे."

आवाज बंद करण्याची सोय शेवटी घरी सापडली. ती 'प्रोफाइल'मध्ये, तिथून 'सर्वसाधारण'मध्ये, तिथून 'बदल करा'मध्ये आणि मग 'कीपॅड टोन'च्या पोटात दडलेली होती. ज्यांची नजर अधू आहे म्हणून ही बोलकी बटणे दिली, त्यांनी एवढ्या बारीक अक्षरांच्या तळघरात कसे उतरावे, याचा विचार कोणीच केलेला दिसत नाही.

खरा संताप मात्र पुढेच आला. इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरे मावतात, मराठीत केवळ 70. आणि त्यातही काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त यांची प्रत्येकी वेगळी जागा धरली जाते. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' एवढे लिहिले की 29 जागा संपतात, आणि सत्तरी ओलांडली की एका निरोपाचे दोन धरले जातात. आपल्याच भाषेत सविस्तर बोलण्याचा हा दंड आपण इतकी वर्षे निमूटपणे कसा भरत आलो, कोण जाणे.

तरीही मेहुण्याचा वाढदिवस असल्यामुळे, एकेका अक्षरासाठी तेच बटण पुन्हा पुन्हा दाबून, मी त्याला संपूर्ण शुद्ध मराठीत शुभेच्छा पाठवल्या. पाचच मिनिटांत त्याचे 'थँक यू' आखडून आले: "टीवाय".