कॅनच्या तळाचे दीड लिटर

पेट्रोल विकत आणायला दहा मिनिटं पुरतात. उरलेलं घालवायचं म्हटलं की मात्र अख्खी वाडी सल्ले द्यायला जमते.

प्रकरण सुरू होतं गणपतीच्या आधी. चाकरमानी मुंबईहून उतरतो, कंबरेएवढं रान बघतो, पडवीतला ग्रास कटर खाली काढतो आणि पाच लिटरचा कॅन भरून आणतो, कारण 'परत पंपावर कोण जाणार?' मग लिटरमागे २० मिली टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल (जुन्या मशीनला ४०), असं सगळं पाच लिटर एकदमच कालवतो. खळं, पायवाट, विहिरीचा काठ कापून होतो. गणपती जातात, पाठोपाठ चाकरमानी जातो. दीड लिटर मागे राहतं, ते थेट शिमग्यापर्यंत.

ते मुंबईला परत नेता येत नाही. धोकादायक माल घेऊन गाडीत बसलात तर रेल्वे कायदा, १९८९ चं कलम १६४ तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही देऊ करतं. पंपवाला विकलेलं परत घेत नाही. घातक कचऱ्याचं केंद्र तळोज्याला आहे, पण ते कारखान्यांचं. दीड लिटर घेऊन दारात उभं राहिलात तर चहा मिळाला तरी पुष्कळ.

दरम्यान कॅनमध्ये काय चाललेलं असतं? आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडची हवा तर भाद्रपदात पापडसुद्धा वाळू देत नाही. कॅन अर्धा रिकामा असला की त्यात दमट हवा कोंडते, रात्री आतून घाम येतो. पाणी पुरेसं साठलं की इथेनॉल आणि पाणी जोडीने तळाशी बसतात, वर पेट्रोल तरंगतं. टू-टी ऑइल त्या वरच्या थरात राहतं. कटरच्या टाकीतला फिल्टर तळाचं ओढतो, म्हणजे इंजिनाला मिळतं बिनतेलाचं पाणचट मिश्रण. पिस्टन जाम झाला की 'मशीनच चायनाचं' असा निकाल लागतो.

म्हणून आधी तपासा. काचेच्या स्वच्छ बाटलीत थोडं घेऊन तासभर सावलीत ठेवा. पारदर्शक, एकाच रंगाचं आणि नेहमीच्या वासाचं असेल तर अजून आशा आहे. तळाशी वेगळा थर, गढूळपणा किंवा वार्निशसारखा आंबट वास असेल, तर ते कुठल्याही इंजिनात घालू नका.

एव्हाना सल्लागार मंडळी पोचलेली असतात. "माडाच्या मुळात ओत, काय जाता?" माड जातो, शिवाय विहीर जाते. आपला जांभा सच्छिद्र. वर ओतलेलं खाली झिरपतं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे पोहरा पहिल्यांदा तोच थर उचलतो, आणि त्यातलं बेंझीन थोडंफार पाण्यात विरघळलेलं असतं, ते डोळ्यांना दिसत नाही. गटारात किंवा संडासात ओतणं हाही त्यातलाच प्रकार, वर टाकीत वाफ कोंडते ती वेगळीच.

दुसरे म्हणतात, "भाजावळीक (शेतातला पालापाचोळा जाळायला) वापर, झटक्यात पेटता." झटक्यात पेटतं हे शंभर टक्के खरं. अडचण अशी की आपले हात रॉकेलवर शिकलेत. रॉकेल ओतावं, काडी लावावी, पाऊल मागे घ्यावं. रॉकेलची वाफ पेटण्याइतकी साठायला साधारण ३८ अंशांच्या पुढे तापावं लागतं. पेट्रोलला उणे ४० पुरतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत चुलीपर्यंत पोचते. तुम्ही काडी लावता तेव्हा ती तुमच्या पायांमागेही असते.

तिसरा सल्ला आंब्याच्या खोडकिड्याच्या भोकात पेट्रोलचा बोळा कोंबण्याचा. हा जुना उपाय आहे, पण एका भोकाला चमचाभर लागतं. दीड लिटर संपवायला आधी किडे पाळावे लागतील.

मला विचाराल तर चांगलं निघालेलं पेट्रोल इंजिनातूनच जाळावं, सावकाश. ऑइल न घातलेलं असेल तर पाव लिटर जुन्या मोटारसायकलच्या भरलेल्या टाकीत. नव्या बीएस-सिक्स गाड्यांच्या वाटेला जाऊ नका. ऑइल घातलेलं फक्त कटरलाच: एक भाग जुनं, चार भाग ताजं मिश्रण. थर सुटलेलं असेल तर घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, वर ठळक अक्षरात लिहून, ओळखीच्या गॅरेजला विचारून द्या. जळक्या ऑइलच्या पिंपात मात्र ओतू देऊ नका. पेट्रोल मिसळलं की ते अख्खं पिंपच ज्वालाग्राही होतं. मेकॅनिक त्यात पार्ट धुणार असेल, तर धुतल्यावर कुठे ओततो तेही विचारा. जरा तोंड वाकडं करेल.

मशीनची टाकीही रिकामी करा. इंजिन गार, जागा उघडी, विडीवाला लांब. झाकण हळू सोडा, आतली हवा फुस्स करून निघू द्या, सुती फडक्यातून गाळून डब्यात ओता. प्रायमरचा बल्ब (पेट्रोल वर खेचायचा रबरी फुगा) बुडबुडे येईपर्यंत दाबा. पेट्रोल चांगलं होतं, तर इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्या, म्हणजे कार्बोरेटरही रिकामा होईल. नाहीतर आतला पातळ रबरी पडदा कडक होतो आणि पुढच्या गणपतीत दोरी ओढून खांदा जातो.

पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नका. पेट्रोलियम कायद्यात घरी विनापरवाना ३० लिटरपर्यंत ठेवता येतं, पण भांडं धातूचं किंवा एक लिटरपर्यंतचं काचेचं वा चिनी मातीचं. प्लास्टिकचं नाव नाही. शिवाय टू-टी घातलेलं पेट्रोल बाटलीत सरबतासारखं दिसतं आणि मे महिन्यात पाहुणे तहानलेले असतात. कुणी प्यायलंच तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका. ओकताना ते फुप्फुसात जातं. सरळ दवाखाना गाठा.

राहिला रिकामा कॅन. झाकण काढून सावलीत, वाऱ्यावर, वास जाईपर्यंत ठेवा आणि मग सुरीने चिरून टाका, कारण तो धुऊन आगळ (कोकमाचा रस) भरायला मागणारं कुणीतरी वाडीत असतंच.